सोलापुरात बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू सांभाळायचं असेल तर: घर, ऊन आणि खाणं

सोलापुरात कुणालाही सांगा की घरात ऑस्ट्रेलियातला सरडा पाळलाय आणि त्याला दिवसभर दिवा लावून ठेवावा लागतो, की लगेच प्रश्न येतो, अहो इथं एप्रिल-मेमधे बाहेर ४२-४३ डिग्री असतंय, त्याला अजून दिवा कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर नीट कळलं नाही तर पिल्लू जगत नाही, आणि इथं नवीन घेणारे बहुतेक जण इथंच अडकायलेत, म्हणून तिथूनच सुरू करतो.

बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पोगोना विटिसेप्स, हा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या कोरड्या भागातला प्राणी. तिथं तो सकाळी दगडावर नाहीतर कुंपणाच्या खांबावर चढून ऊन खातो, अंग तापलं की खाली उतरून सावलीत किंवा बिळात जातो, परत गार झाला की परत वर. त्याच्या शरीराला स्वतःची उष्णता तयार करता येत नाही, त्यामुळे तो सगळं काम जागा बदलून करतो. म्हणून त्याला नुसतं गरम घर नको असतंय, त्याला एका घरात गरम टोक आणि गार टोक अशी दोन्ही हवी असतात, आणि कधी कुठं बसायचं हे त्यानं ठरवायचं. मे महिन्यात तुमच्या खोलीत सगळीकडे ३८ असेल तर त्याला ऊन खायला जागा नाही आणि पळायलाही जागा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे यूव्हीबी. उन्हातल्या या किरणांमुळे त्याच्या कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होतं, ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातं. खोली कितीही तापली तरी त्या उष्णतेत यूव्हीबी नसतो आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातला यूव्हीबी काचच अडवते. म्हणजे सोलापूरचं ऊन आपल्याला मदत करतं, पण दिव्याचं काम करत नाही.

आता पिल्लू घ्यायच्या आधीचं. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू ८-१० सेंमीचं असतं, इतकं लहान घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी. शेपटीसकट १५-२० सेंमीचं, दोन महिने तरी पूर्ण झालेलं, स्वतःहून किडे पकडून खाणारं घ्या. विकणाऱ्याला म्हणा माझ्यासमोर एक किडा टाकून दाखव. डोळे उघडे आणि भरलेले पाहिजेत, पोट जमिनीपासून उचलून चालायला पाहिजे, पायाची बोटं आणि शेपटीचं टोक शाबूत पाहिजे (एका डब्यात खूप पिल्लं कोंबली की ती एकमेकांची बोटं कुरतडतात), शेपटीच्या मुळाशी मांस पाहिजे, हाडं दिसायला नकोत. पुण्या-मुंबईहून पार्सलनं मागवणारे आहेत, त्यांना माझं सांगणं एवढंच की उन्हाळ्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जिवंत पिल्लू मागवू नका, स्वतः जाऊन बघून आणा, दिवाळीनंतरचा काळ प्रवासाला बरा. बिल आणि कुठं पैदास केली त्याचा कागद घ्या आणि जपून ठेवा, परदेशी प्राणी पाळण्याच्या नियमात बदल होत राहतात, त्यामुळे घेण्याआधी वनविभागाच्या ऑफिसात एकदा विचारून घेतलेलं चांगलं. ऑस्ट्रेलिया आपले सरडे विकायला बाहेर जाऊ देत नाही, म्हणून बाजारातली पिल्लं पैदास केंद्रातलीच असायला पाहिजेत. आणि हे वाचून कुणी शेतातनं घोरपडीचं पिल्लू आणायच्या विचारात असेल तर ते डोक्यातनं काढा, घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा.

एक पिल्लू म्हणजे एक घर. जोडी आणली की एकमेकांना सोबत होईल असं वाटतं, पण हे एकटे राहणारे प्राणी आहेत. दोन पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली दिसली की लोक म्हणतात बघा किती प्रेम आहे, खरं तर वरचं पिल्लू खालच्याच्या वाट्याचं ऊन घेत असतं. थोड्याच दिवसात एक मोठं होतं, दुसरं तसंच राहतं आणि मग बोटं, शेपटी जायला लागतात.

घराबद्दल. मोठा झाला की हा ४५ ते ६० सेंमीचा होतो आणि चांगलं सांभाळलं तर १० ते १५ वर्षं जगतो, त्यामुळे शेवटी ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच असं घर लागणारच आहे. माझं मत असं की माशाची टाकी विकत घेऊन वर्षभरात बदलण्यापेक्षा सुताराकडून एकदाच प्लायवूडचं करून घ्या. समोर सरकत्या काचा, गरम टोकाच्या बाजूला वर जाळीची खिडकी आणि गार टोकाला खाली एक, म्हणजे गरम हवा वरून निघून खालून ताजी येते. आतून पॉलिश किंवा रंग मारला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत उघडं ठेवा, त्याच्याआधी पिल्लू आत नको. पिल्लासाठी चार फूट जरा जास्त होतं, किडे लपून बसतात आणि त्याला सापडत नाहीत, म्हणून पहिले काही महिने मधे प्लायचा पडदा सरकवून अडीच-तीन फुटाचं करा आणि वाढेल तसा पडदा सरकवत जा. वरून उघडणाऱ्या टाकीपेक्षा समोरून उघडणारं घर बरं, कारण जंगलात त्याच्यावर झडप वरूनच येते, घारीची नाहीतर ससाण्याची, त्यामुळे वरून हात आला की पिल्लू घाबरतं.

खाली काय टाकायचं? वाळू नको. दुकानात कॅल्शियम सँड म्हणून रंगीत वाळूच्या पिशव्या मिळतात त्या तर अजिबात नकोत, पिल्लू किडा पकडताना वाळू गिळतं आणि ती आतड्यात अडकते. सुरुवातीचे काही आठवडे साधा टिश्यू पेपर किंवा कोरा कागद टाका, रोज बदला, शी कशी झाली ते लगेच दिसतं. नंतर आपल्याकडची शहाबादी फरशी. ह्यासाठी यापेक्षा चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही, फरशीवाल्याकडे तुकडे पडलेले असतात, थोड्या पैशात मापात कापून देतो, खडबडीत बाजू वर ठेवली की नखं आपोआप घासली जातात, धुवायला सोपी आणि दिव्याखाली तापली की बराच वेळ पोटाला ऊब देते. दिव्याखाली दोन तुकडे एकावर एक ठेवून बसायची जागा करा, पण ते सिलिकॉननं चिकटवा, नाहीतर पिल्लू खाली शिरतं आणि दगड सरकला की चिरडतं. एक जाड फांदी चढायला (लिंबाची, म्हणजे कडुलिंबाची, चालते, उकळत्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवून), गार टोकाला लपायला कौल किंवा अर्धं फुटकं मडकं, कडा घासून. बास. हॉट रॉक म्हणून विजेवर तापणारा दगड मिळतो तो घेऊ नका, पोट भाजलं तरी ह्यांना वेळेवर कळत नाही.

दिवे दोन लागतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत, हे नीट लक्षात घ्या कारण पैसे इथंच वाया जातात. उष्णतेचा दिवा म्हणजे साधा हॅलोजन बल्ब, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तोच, सिरॅमिक होल्डरमधे लावायचा (प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो). खालच्या फरशीचं तापमान पिल्लासाठी ४० ते ४२ डिग्री यायला पाहिजे. किती वॅटचा लागेल हे तुमच्या खोलीवर आहे, ५० पासून सुरू करून बघा, हिवाळ्यात जास्तीचा लागेल, उन्हाळ्यात कमी. डिमर लावला तर एकाच बल्बवर वर्ष निघतं. लाल-निळे नाइट बल्ब नकोत, रात्री त्याला अंधारच पाहिजे. दुसरा दिवा यूव्हीबीचा, आणि तो लांब टी५ (बारीक जाडीच्या) ट्यूबचाच घ्या, त्यावर यूव्हीबीचं प्रमाण १०.० किंवा १२ टक्के लिहिलेला, घराच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त लांब. ऑनलाइन जे स्वस्त गोल बल्ब मिळतात, वर ‘यूव्हीए प्लस यूव्हीबी’ छापलेलं असतं, त्यातल्या बऱ्याच बल्बमधून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, उष्णता येते, प्रकाश येतो, आपल्याला वाटतं काम झालं आणि तीन-चार महिन्यात पिल्लाचे पाय वाकडे व्हायला लागतात. ट्यूब आणि बसायची जागा यात काच किंवा प्लॅस्टिक काहीही नको, आणि जाळी असेल तर तीसुद्धा बरेच किरण खाते, म्हणून ट्यूब जाळीच्या आत बसवलेली बरी, पाठीपासून साधारण ३० ते ४० सेंमीवर, नक्की अंतर ट्यूबच्या कागदावर दिलेलं असतं ते पाळा. वर्षाला ट्यूब बदला, चालू दिसत असली तरी, कारण उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी मात्र कमी होत जातो. बाहेरून मागवताना २२० व्होल्टचंच फिटिंग आहे ना बघा. दोन्ही दिवे १२ ते १३ तास, टायमरवर, म्हणजे तुम्ही विसरलात तरी त्याचा दिवस ठरलेल्या वेळी सुरू होतो.

तापमान हाताला अंदाजानं कळत नाही. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर भरवशाचे नसतात. प्रोबवाले (वायरच्या टोकाला सेन्सर असलेले) दोन डिजिटल घ्या, एक गरम टोकाला एक गार टोकाला, आणि जमलं तर फरशीचं तापमान मोजायला इन्फ्रारेड गन. गार टोक २६ ते ३०, रात्री २० ते २४, एवढं सांभाळलं की बाकीचं त्याचं तो बघतो.

आता सोलापूरचा उन्हाळा, ह्यावर जास्त लिहितो कारण परदेशातल्या माहितीत हे सापडत नाही, तिथं सगळे गरम कसं ठेवायचं तेच सांगतात. मार्चच्या शेवटापासून जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत आपली अडचण उलटी असते, गार टोक गार राहत नाही. पहिलं म्हणजे घर कुठं ठेवलंय. पत्र्याखाली नको, वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखालीही नको, पश्चिमेच्या भिंतीला लागून तर नकोच. खालच्या मजल्यावरची, उत्तरेची किंवा मधली खोली बघा. दुसरं, गार टोक ३२ च्या वर गेलं की उष्णतेचा बल्ब बंद, यूव्हीबी चालू. कडक उन्हाळ्यात मी उष्णतेचा बल्ब फक्त सकाळी लावतो, साधारण सात ते अकरा, त्या वेळात तो तापून घेतो, खाल्लेलं पचतं आणि दुपारी खोलीचीच उष्णता पुरते. तिसरं, प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून फ्रीजरमधे गोठवा, जाड टॉवेलमधे किंवा जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून गार टोकाला कोपऱ्यात ठेवा, दुपारी एकदा बदला. त्याला हवं तर जवळ जाईल, नको तर नाही. कूलर खोलीत चालला तर चालतो कारण आपली उन्हाळ्यातली हवा फार कोरडी असते, पण कूलरचा झोत थेट घरावर येऊ देऊ नका, ओली गार हवा सतत अंगावर आली की छातीचा त्रास होतो. आतली आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास असावी, पावसाळ्यात ती आपोआप चढते तेव्हा आत पाणी फवारायचं बंद करा आणि खिडक्या मोकळ्या ठेवा.

पिल्लू दिव्याखाली तोंड उघडं ठेवून बसलं तर घाबरू नका, तापलं की ते तसंच करतं, थोड्या वेळानं उतरतं. पण गार टोकाला जाऊनही तोंड उघडं असेल, काचेवर पळत असेल, किंवा सुस्त पडून असेल तर उष्णता जास्त झालीय, लगेच बल्ब बंद करून दुसऱ्या थंड खोलीत न्या, कोमट पाण्यात उभं करा. बर्फाचं पाणी नको.

खरं ऊन द्यायचं का? जरूर द्या, त्यासारखं दुसरं काही नाही. पण पक्ष्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात, सकाळी साडेसात-आठच्या सुमारास, १५-२० मिनिटं, पिंजऱ्याचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून सावली करून, आणि तुम्ही तिथंच बसून. काचेची टाकी उन्हात ठेवू नका, मोजक्या मिनिटात आत भट्टी होते आणि पिल्लू मरतं. मांजर, कावळे, घारी यांच्यावर लक्ष ठेवा.

हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात रात्री बऱ्यापैकी गारठा पडतो, तरी बंद खोलीत १८ च्या खाली क्वचितच जातं. जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावा. वीज गेली तर? दिवसा तास-दोन तासानं काही बिघडत नाही, फक्त तेवढा वेळ खायला देऊ नका कारण अंग गार असताना पोटातलं पचत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर ट्यूब त्यावर घ्या, ती फार वीज खात नाही.

आता खाणं. पिल्लू म्हणजे दिवसभर भूक. वयाचे चार महिने होईपर्यंत दिवसातून तीन वेळा किडे, प्रत्येक वेळी १० ते १५ मिनिटात जेवढे खाईल तेवढे, मग उरलेले काढून घ्या. पहिलं खाणं दिवे लागल्यानंतर तासाभरानं, शेवटचं दिवे बंद व्हायच्या दीड-दोन तास आधी. चार ते आठ महिन्यात दोन वेळा, त्यानंतर एक वेळ. सुरुवातीला साधारण ८० टक्के किडे आणि २० टक्के पाला, मोठेपणी हे प्रमाण जवळजवळ उलटं होतं, पण पाला पहिल्या दिवसापासून रोज ताटलीत असलाच पाहिजे, खाल्ला नाही तरी. लहानपणी पाला बघितलाच नाही असे ड्रॅगन मोठेपणी पाल्याला तोंड लावत नाहीत आणि मग वर्षाच्या प्राण्याला सवय लावता लावता नाकीनऊ येतात. किड्याचं माप सोपं आहे, त्याच्या दोन डोळ्यांच्या मधल्या अंतरापेक्षा किडा मोठा नको. मोठा किडा गिळला की अडकतो, मागचे पाय लुळे पडल्याची उदाहरणं आहेत.

किडे आणायचे कुठून, हा सोलापुरातला खरा प्रश्न. आपल्याकडे माशांची आणि पक्ष्यांची दुकानं आहेत, तिथं कधी मीलवर्म म्हणजे भुंग्याच्या टणक अळ्या मिळतात, क्रिकेट म्हणजे रातकिडे नेहमी मिळतील याचा भरवसा नाही. म्हणून माझं ठाम मत, आधी किडे पाळा मग ड्रॅगन आणा. डुबिया रोच हे आपल्या हवेला सगळ्यात सोपे. नाव झुरळाचं असलं तरी ते घरातल्या झुरळांसारखे नाहीत, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येत नाही, उडून पळत नाहीत, वासही फार नाही. एक उंच प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला भोक पाडून बारीक स्टीलची जाळी, आत अंड्याचे कागदी ट्रे उभे लावायचे, अंधार ठेवायचा. २८ ते ३२ डिग्री त्यांना आवडतं, म्हणजे वर्षातले बरेच महिने सोलापुरात काहीच करावं लागत नाही. खायला पेंडीच्या दुकानातला गहू भुसा, पाण्यासाठी गाजर किंवा भोपळ्याची फोड. एक मादी एका वेळी २०-३० पिल्लं देते, पण ती पिल्लं मोठी व्हायला चार-सहा महिने लागतात, म्हणून मोठ्या माद्यांना हात न लावता वसाहत तीन-चार महिने वाढू द्या आणि बारीक पिल्लंच खायला काढा. घरात आईशी, आज्जीशी आधी बोलून घ्या. डबा दाखवा, झाकण कसं घट्ट बसतं दाखवा, मग ठेवा, नाहीतर एक दिवस तुम्ही बाहेर असताना डबा कचऱ्यात जाईल आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मुंग्या. हे कुणी सांगत नाही पण सोलापुरात लाल मुंग्या किड्यांचा डबा एका रात्रीत संपवतात, आणि लहान पिल्लालाही चावतात. डबा स्टँडवर ठेवून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, ड्रॅगनच्या घराच्या टेबलालाही तसंच. खडू किंवा स्प्रे मारू नका, औषध किड्यात आणि किड्यातून पिल्लात जातं. मच्छर कॉइल, उदबत्ती-धूप ह्या गोष्टीसुद्धा त्या खोलीत नकोत.

दुसरा एक चांगला पर्याय आपल्या जिल्ह्यात आहे आणि त्याचा फार कमी लोक विचार करतात, तो म्हणजे रेशीम अळी. जिल्ह्यात बरेच शेतकरी तुती लावून रेशीम शेती करतात. ही अळी मऊ असते, चरबी कमी, पिल्लाला पचायला अगदी हलकी. ओळखीच्या शेतकऱ्याकडून चॉकी अवस्थेतल्या, म्हणजे अगदी लहान, थोड्या अळ्या आणि तुतीचा पाला घ्या, पण एक विचारा, अळ्यांच्या शेडमधे निर्जंतुकीची पावडर टाकतात, ती टाकलेल्या अळ्या देऊ नका, पावडर पडायच्या आधीच्या घ्या आणि घरी धुतलेल्या पाल्यावर वाढवा. तुतीचा पाला ड्रॅगनलाही कापून देता येतो. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या मिळाल्या तर त्याही उत्तम, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं. मीलवर्म पिल्लाला नको, कवच टणक असतं. आणि शेतातनं, रस्त्याच्या दिव्याखालनं पकडलेले नाकतोडे-किडे अजिबात नकोत, द्राक्षाच्या डाळिंबाच्या बागेत किती फवारण्या होतात ते आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यात काजवे दिसतात, त्यातला एक काजवासुद्धा ड्रॅगनचा जीव घेतो, इतकं त्यांच्यात विष असतं. पाल खाऊ दिली तर जंत येतात.

किडे देण्याच्या आदल्या दिवशी त्यांना चांगलंचुंगलं खाऊ घाला, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. किड्याच्या पोटात जे आहे तेच पिल्लाच्या पोटात जाणार. मग पिशवीत किडे आणि चिमूटभर कॅल्शियम पावडर टाकून हलवायचं, किडे पांढुरके झाले की द्यायचे. फॉस्फरस नसलेलं साधं कॅल्शियम आठवड्यातून पाच दिवस, रोज एका जेवणाला, आणि मल्टिव्हिटॅमिन उरलेल्या दोन दिवशी. रेप्टाइलची, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची, पावडर मिळाली नाही तोपर्यंत पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस बारीक दळून वस्त्रगाळ करून चालतो. माणसांच्या डी३ असलेल्या गोळ्या कुटून घालू नका, डी३ जास्त झालं तर तेही अंगावर येतं.

पाल्यात सोलापूरची मंडई आपल्या बाजूनं आहे. शेवग्याचा पाला सगळ्यात वर, मग मेथी, कोथिंबीर, लसूणघास, लाल भोपळा आणि दुधी किसून, ढोबळी मिरची बारीक चिरून, जास्वंदीची पानं-फुलं, आणि गावाबाहेर कुठंही उगवतो तो फड्या निवडुंग, काटे पूर्ण जाळून सोलून. हे सगळं पिल्लाच्या तोंडाच्या मापात अगदी बारीक चिरायचं. पालक, माठ, चुका, अळू टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. पुंडी म्हणजे अंबाडी आपल्या घरी आठवड्यातून एकदा होतेच, पण आंबट असते म्हणून मी पिल्लाला देत नाही. कांदा, लसूण, ॲव्होकॅडो, लिंबूवर्गीय फळं बंद. गोड फळ म्हणजे कधीतरी पपईचा बारीक तुकडा, तेवढंच. मंडईतला पाला मिठाच्या पाण्यात न ठेवता साध्या पाण्यात दोन-तीनदा खळखळून धुवा.

पिल्लांना वाटीतलं स्थिर पाणी बऱ्याचदा ओळखू येत नाही, समोर वाटी असून तहानलेली राहतात. सकाळी नाकाच्या टोकावर ड्रॉपरनं दोन-तीन थेंब सोडा, जीभ काढून चाटायला लागतं, थांबलं की थांबा. तोंडात पाणी सोडू नका, फुप्फुसात जातं. आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात दहा मिनिटं, पाणी खांद्याच्या खाली, समोर बसून. बोअरचं पाणी आपलं फार जड आहे, प्यायला फिल्टरचं द्या. तहान लागलीय का हे शीमधल्या पांढऱ्या भागावरून कळतं, तो मऊ पांढरा असेल तर ठीक, पिवळा आणि टणक असेल तर पाणी कमी पडतंय.

पहिले दहा-बारा दिवस त्याला फार हातात घेऊ नका, पाहुण्यांना दाखवत बसू नका. नवीन जागेत दोन-तीन दिवस कमी खाल्लं तरी चालतं. नंतर समोरून, खालून तळहात सरकवून उचला, शेपटीनं कधीच नाही, ती तुटली तर परत येत नाही. हात हलवणं, डोकं हलवणं, दाढी काळी करणं ही त्यांची भाषा आहे, पिल्लं एक हात गोल फिरवतात तेव्हा ती म्हणत असतात की मी लहान आहे, मला काही करू नको. कात टाकताना फिकट पडतात, चिडचिडी होतात, कात ओढून काढू नका. हाताळल्यानंतर साबणानं हात धुवायचे, दर वेळी, कारण यांच्या शीमधे साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमधे धुवायची नाहीत. पाच वर्षाखालचं मूल घरात असेल तर जास्त काळजी घ्या.

किचनच्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. पिल्लाचं वजन वाढतच राहिलं पाहिजे, सलग दोन आठवडे वाढलं नाही की काहीतरी बिनसलंय. पाय थरथरणं, जबडा मऊ लागणं, पोटावर सरपटणं, पाठीत वाकडेपणा, ही सगळी कॅल्शियम आणि यूव्हीबी कमी पडल्याची लक्षणं. पातळ, घाण वासाची शी सारखी होत असेल तर जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), शीचा ताजा नमुना छोट्या डबीत घेऊन तपासायला द्या. तोंडाशी फेस, शिंकल्यासारखा आवाज, तर छातीचा त्रास. कातडीवर पिवळे-तपकिरी डाग पसरत असतील तर बुरशी असू शकते, थांबू नका. आपल्याकडचे जनावरांचे डॉक्टर बहुतेक गाई-म्हशी, कुत्री-मांजरं बघतात, सरड्यांचं बघणारे जास्त करून पुण्याकडे आहेत. म्हणून पिल्लू आणायच्या आधीच फोन करून विचारा की तुम्ही बिअर्डेड ड्रॅगन बघता का, व्हिडिओवर बघाल का, फी किती, आणि तो नंबर घराच्या काचेवर चिकटवून ठेवा. आजारी पिल्लाला पुण्याला न्यायचं तर पहाटेची गाडी, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड, आणि हिवाळा असेल तर बाहेरून कोमट पाण्याची बाटली गुंडाळून.

शेवटचं एक, पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत पिल्लू हिवाळ्यात सुस्त पडून राहिलं, खाणं सोडलं, तर ती झोप आहे म्हणून सोडून देऊ नका. मोठे ड्रॅगन थंडीत तसे झोपतात, पिल्लांनी झोपायचं नसतं. आधी फरशीचं तापमान मोजा, ट्यूब किती जुनी आहे बघा, वहीतलं वजन बघा, आणि तिन्ही ठीक असूनही दोन दिवसात खाल्लं नाही तर काचेवरच्या नंबरला फोन लावा.